सोळा आण्यांची माती

गेल्या मे महिन्यात आमच्या घरात एक वाद सुरू झाला, आणि या वेळचा लेख त्या वादातूनच आला आहे. वाद जमिनीचा. जमीन आली की वाद आलाच, असं तुम्ही म्हणाल. पण आमचं भांडण बिघ्यांवरून नव्हतं, बिघे तर अगदी समान होते. भांडण मातीवरून होतं.

सांवेरच्या बाजूला आमच्या आजोबांची बारा बिघे शेती आहे. आपल्या माळव्यात चार बिघ्यांचा साधारण एक हेक्टर धरतात, म्हणजे तीन हेक्टर. खसऱ्यात जमीन आजही सामाईक आहे, पण आजोबांनी हयातीतच तिघा मुलांना तोंडी वाटणी करून दिली होती. प्रत्येकाला चार बिघे. नाल्याकडची खालची पट्टी मोठ्या काकांची, मधली आमच्या बाबांची आणि वरची, रस्त्यालगतची, धाकट्या काकांची. धाकटे काका बँकेत होते, त्यांना शेती करायचीच नव्हती. त्यामुळे पन्नास वर्षं कुणी काही बोललं नाही.

आता त्यांच्या मुलाने नोकरी सोडून शेती करायला घेतली. तीन हंगाम झाले. दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने दहा-बारा दिवसांची उघडीप दिली, की याचं सोयाबीन माना टाकतं आणि दोनशे पावलांवर मोठ्या काकांचं सोयाबीन हिरवंगार उभं असतं. बियाणं तेच, पाऊस तोच, पेरणीही त्याच दिवशी. मे महिन्यात सगळे जमले होते तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मला चार बिघे मिळाले हे खरं, पण माती मिळाली नाही."

मोठ्या काकांना ते लागलं. आजोबांच्या न्यायावर बोट ठेवल्यासारखं झालं. आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय. "काळी माती, कापसाची माती, रेगूर" हे फळ्यावर मी किती वेळा लिहिलं असेल! पण आपल्याच शेतातली माती नक्की कुठली, हे मला सांगता येईना. फळ्यावरचं उत्तर तिथे पुरेसं नव्हतं, कारण तिन्ही पट्ट्या काळ्याच दिसत होत्या.

एकाच खडकाची दोन लेकरं

आधी थोडं मागे जाऊ, अगदी साडेसहा कोटी वर्षं मागे. त्या सुमाराला जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. दख्खनचं पठार बनलं ते असं. आपला माळवा ही त्याची उत्तरेकडची बाजू. म्हणजे इंदूरखालचा खडक आणि पुण्याखालचा खडक एकाच जातीचे, बेसॉल्ट.

मग याच बेसॉल्टपासून महाबळेश्वरला तांबडा जांभा होतो आणि आपल्याकडे काळी माती, हे कसं? उत्तर पावसात आहे. तिकडे घाटमाथ्यावर पाऊस इतका प्रचंड, की खडक कुजताना सुटणारे चुना आणि मॅग्नेशियमसारखे विरघळणारे घटक धुऊन जातात आणि मागे लोह नि अॅल्युमिनियम उरतं. ते तांबडं दिसतं. आपल्याकडे वर्षाला साधारण हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि पुढे आठ महिने ऊन. हे घटक जागेवरच राहतात आणि त्यांतून स्मेक्टाइट नावाची एक चिकणमाती तयार होते.

काळ्या मातीचा सगळा स्वभाव या स्मेक्टाइटमध्ये आहे. तिचे कण पापडासारखे पातळ पदरांचे असतात. पाऊस पडला की पदरांच्या मध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की आकसते. मे महिन्यात मोठ्या काकांच्या शेतातल्या भेगेत मी हातभर लांब काठी सरळ आत सोडली, तरी ती तळाला टेकली नाही. वरची भुसभुशीत माती या भेगांमध्ये पडते, पावसात भेगा मिटतात, खालची माती दाबाने वर सरकते. ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असं जुने शेतकरी म्हणतात, ते उगीच नाही.

मृदाशास्त्राने या मातीला नावही तिच्या याच सवयीवरून दिलं, व्हर्टिसॉल. 'उलटणे, फिरवणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून ते आलं आहे. आणि या वर्गात बसायला अटी आहेत. जमिनीत निदान ५० सेंटिमीटर खोलीपर्यंत ३० टक्क्यांहून कमी चिकणमाती चालत नाही. भेगा दर वर्षी उघडायला आणि मिटायला हव्यात. आणि खाली मातीचे तुकडे एकमेकांवर घासून झालेले, तेल लावल्यासारखे चकाकणारे तिरपे पृष्ठभाग दिसायला हवेत. रंग काळा असलाच पाहिजे अशी अट यात कुठेही नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवा.

कारण रंग फसवतो. काळी म्हणजे सकस, भरपूर कुजलेलं खत असलेली, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आपल्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुतेक वेळा एक टक्क्याच्याही आत असतो. थोडासाच ह्यूमस या चिकणमातीला असा घट्ट धरून बसतो, की सगळी माती गडद दिसते. आमच्या तिन्ही पट्ट्या काळ्या दिसत होत्या त्या यामुळेच. खरा फरक दिसायला खाली उतरावं लागतं.

तीन खड्डे

ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघालं आणि गव्हाच्या पेरणीआधी थोडी सवड मिळाली. उन्हाळ्यात ही जमीन दगडासारखी असते, पावसात बुटाला दोन-दोन किलो चिखल चिकटतो. खोदायला बरा म्हणजे वाफसा, ना ओली ना कोरडी. त्या एका शनिवारी आम्ही प्रत्येक पट्टीत एक खड्डा घेतला. पुण्याहून माझा भाऊ आला होता. मोठे काका खुर्ची टाकून बांधावर बसले होते, चेहरा गंभीर.

खालच्या पट्टीत १२० सेंटिमीटर खोदलं तरी मुरूम लागला नाही. पहिल्या वीतभर मातीत बारीक दाणे, मग मोठी टोकदार ढेकळं, आणि साठेक सेंटिमीटरच्या खाली तेच चकाकणारे तिरपे पृष्ठभाग. चुलतभावाने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे तर पॉलिश केलंय." तळाशी वाटाण्याएवढे पांढरे चुनखडे होते. एक चेचून त्यावर व्हिनेगर टाकलं, बुडबुडे आले.

मधल्या पट्टीत, म्हणजे आमच्यात, ३५ सेंटिमीटरवर पहार खणकन वाजली. काळी माती संपली आणि पिवळट मुरूम लागला. वरच्या पट्टीत तर २३ सेंटिमीटरलाच. तिथल्या मातीत खड्यांचं प्रमाणही जास्त, आणि ओली करून अंगठा नि बोटामध्ये दाबत फीत काढली तर ती बोटाच्या पेराएवढी होऊन तुटली. खालच्या मातीची फीत मात्र करंगळीहून लांब निघाली.

म्हणजे दोनशे पावलांत आम्हाला एक नव्हे, तीन वेगवेगळ्या माती भेटल्या. शास्त्राच्या भाषेत खालची व्हर्टिसॉल, मधली साधारणपणे इन्सेप्टिसॉल, म्हणजे घडायला लागलेली, आणि वरची एन्टिसॉल, अजून न घडलेली. बेसॉल्टच्या मुलखात उतारावर हा क्रम नेहमी सापडतो. वरची माती पावसाबरोबर खाली जाते आणि सखल जागी साचते. हजारो वर्षं वरचं शेत आपली माती खालच्या शेताला देत आलंय.

आता सोयाबीनचं कोडं सुटलं. २३ सेंटिमीटर माती म्हणजे पाण्याची लहानशी वाटी, १२० सेंटिमीटर म्हणजे हंडा. पावसाने उघडीप दिली की वाटी आधी रिकामी होणारच. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात खोल काळ्या रानात पावसाळ्यात काही न पेरता जमीन नुसती वखरून ठेवायचे आणि दसऱ्यानंतर साठलेल्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचे, तो याच हंड्याचा हिशोब. आपण बाफले ज्या कठीण माळवी गव्हाचे करतो, तो असाच ओलीवर यायचा. सोयाबीन इकडे पसरलं ते १९७० नंतर.

नाव म्हणजे पत्ता

तरुण वाचकांपैकी कुणी कृषी किंवा पर्यावरण शिकत असेल, तर त्यांच्यासाठी थोडं अधिक. इंदूरच्या आसपासच्या खोल काळ्या जमिनींची एक ओळखलेली मालिका आहे, तिचं नाव सरोल. शास्त्रीय नाव टिपिक हॅप्लस्टर्ट. उच्चारताना जीभ अडखळते, पण हे नाव शेवटाकडून वाचलं तर टपालाच्या पत्त्यासारखं उलगडतं. 'अर्ट' म्हणजे व्हर्टिसॉल. 'अस्ट' म्हणजे वर्षाचा मोठा काळ कोरडी, पण पिकाच्या दिवसांत ओल मिळणारी, थोडक्यात मान्सूनची. 'हॅप्ल' म्हणजे साधी, जास्तीची काही गुंतागुंत नसलेली. 'टिपिक' म्हणजे या घराण्याचा नमुना शोभावा अशी. मातीचा रंगसुद्धा नुसता 'काळा' असं लिहीत नाहीत. मन्सेल नावाचं रंगांचं पुस्तक असतं, त्यातल्या चौकटींशी ढेकूळ लावून पाहतात आणि '१० वाय-आर ३/१' असं काहीतरी लिहितात. म्हणजे हैदराबादच्या माणसालाही तोच रंग कळतो. देशभरच्या जमिनींची अशी नोंद करणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आपल्या नागपुरात आहे.

पण मोठ्या काकांना हॅप्लस्टर्टशी काय देणंघेणं? त्यांचा प्रश्न सरळ होता, "माझी चांगली, याची वाईट, हे मला ठाऊक आहेच. किती चांगली आणि किती वाईट, ते सांग."

आणि त्याचं उत्तर आधुनिक शास्त्रात नाही, जुन्या महसुलात सापडलं.

आण्यांचा हिशोब

दख्खनमध्ये इंग्रजांनी १८३५ च्या सुमारास इंदापूरपासून जमिनीची नवी पाहणी सुरू केली. गोल्डस्मिड आणि विंगेट हे तिचे अधिकारी, आणि १८४७ मध्ये तिचे नियम एकत्र छापले गेले. मोजणी झाली की पुढची पायरी प्रतबंदी, म्हणजे जमिनीची प्रत ठरवणं. शेताच्या नकाशात चौकटी पाडायच्या, प्रत्येक चौकटीत खोदून खोली पाहायची आणि आण्यांत किंमत लिहायची. उत्तम काळी जमीन पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे. दीड हात असेल तर चौदा, सव्वा हात बारा, एक हात दहा, पाऊण हात आठ, अर्धा हात सहा, पाव हात साडेचार. त्यातून चुनखडे जास्त, वाळू मिसळलेली, उतार, पाणी साचणं असा एखादा दोष निघाला, की प्रत एक पायरी खाली.

हा तक्ता होळकरांच्या मुलखासाठी केलेला नव्हता, हे खरं. पण खडक तोच, माती तीच. आणि आमचे आजोबा खालच्या पट्टीला नेहमी "सोळा आण्यांची" म्हणायचे, ते बोलण्यातलं कौतुक आहे असं मी समजत होते. कदाचित तो हिशोबच असेल.

मी कागद घेतला. हात म्हणजे दीड फूट, सुमारे ४५ सेंटिमीटर. दोष बाजूला ठेवून फक्त खोली धरली. खालची पट्टी सोळा आणे. मधली ३५ सेंटिमीटर, म्हणजे पाऊण हात, आठ आणे. वरची २३, म्हणजे अर्धा हात, सहा आणे. चार-चार बिघ्यांनी गुणलं तर मोठे काका ६४, आम्ही ३२, धाकटे काका २४. एकूण १२०, म्हणजे प्रत्येकाला खरं तर ४० यायला हवेत. त्या हिशोबाने बिघे पडतात अडीच, साडेतीन आणि सहा.

कागद फिरला. कुणी काही बोललं नाही.

भावाने एक सोपी वाट सुचवली, तिन्ही पट्ट्या उभ्या पाडू, रस्त्यापासून नाल्यापर्यंत. प्रत्येकाला वरची, मधली, खालची, सगळी थोडी-थोडी. न्याय तर झाला असता. पण उभी चिंचोळी पट्टी मिळाली की माणूस ट्रॅक्टर उभाच चालवतो, उताराच्या दिशेने, आणि प्रत्येक तास पावसाळ्यात ओहोळ होतो. वर २३ सेंटिमीटर माती उरलीय, तीही गेली असती. बांध आडवेच हवेत, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

पण प्रत कशासाठी?

तेव्हा मोठ्या काकांनी तोंड उघडलं. "हिशोब बरोबर आहे. पण हा हिशोब गव्हाचा आहे. उद्या एखादा कॉलनीवाला आला तर?"

सगळे गप्प झाले, कारण मुद्दा खरा होता. शहर सांवेरच्या रस्त्याने किती पुढे सरकलंय ते तुम्ही रोज पाहताच. प्लॉट पाडणारा माणूस मातीची खोली विचारत नाही, तो क्षेत्रफळ आणि रस्ता विचारतो. त्याच्या तक्त्यात आमची वरची सहा आण्यांची पट्टी सोळा आण्यांची आहे. आणि एका अर्थी त्याचं बरोबरही आहे.

आमच्या आत्याचं घर अशाच एका जुन्या गव्हाच्या रानावर उठलेल्या कॉलनीत आहे. दर उन्हाळ्यात तिच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा निघतात, पावसाळ्यात काही मिटतात, दाराची चौकट मात्र अडकायला लागते. दोनदा गिलावा केला, दोनदा रंग लावला. दोष गवंड्याचा नाही. घराखालची जमीन दर वर्षी फुगते आणि आकसते, सगळीकडे सारखी नाही, म्हणून भिंत फाटते. बांधकामवाले अशा मातीची चाचणी करतात. चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती एका नळीत पाण्यात आणि दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये ठेवायची. रॉकेलमध्ये ती फुगत नाही, पाण्यात फुगते. फरक ५० टक्क्यांच्या वर गेला की माती धोक्याची. मग पाया उथळ ठेवून भागत नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी कंदासारखा फुगवटा असलेले खांब, जिथे ओल फारशी बदलत नाही अशा साधारण साडेतीन मीटर खोलीवर नेऊन टेकवावे लागतात. मुरमावर बांधलेल्या घराला हा ताप नाही.

म्हणजे जी माती गव्हाला हंडा, तीच भिंतीला शत्रू. महाराष्ट्रातल्या जुन्या गावगाड्याला हे पक्कं माहीत होतं. तिथे शेतजमीन ती 'काळी' आणि वस्तीची जागा ती 'पांढरी'. 'काळी-पांढरी' हा शब्द जुन्या कागदांतून जोडीनेच येतो. घर काळीवर बांधू नये आणि पांढरीत नांगर घालू नये, ही समज शब्दातच ठेवलेली आहे.

इथे मला माझ्या तीस वर्षांच्या शिकवण्यातली उणीव कळली. मी मुलांना मातीचे प्रकार शिकवले, पण प्रकार कशासाठी पाडायचे हे कधी विचारलं नाही. मृदाशास्त्रज्ञाला मातीची घडण कळायला हवी, म्हणून तो व्हर्टिसॉल म्हणतो. मामलेदाराला सारा बसवायचा होता, म्हणून तो आणे लिहायचा. इंजिनिअर फुगण्याची टक्केवारी काढतो. दलाल रस्त्याची रुंदी बघतो. खड्डा एकच असला तरी प्रत्येकाची प्रत वेगळी, आणि ज्याच्या त्याच्या कामापुरती प्रत्येकाची खरी. आजोबांनीही प्रत लावली होतीच. ज्याला शेती करायची नाही त्याला पातळ जमीन. ती वाटणी त्या दिवशी अन्यायाची नव्हती. तिचं कारण बदललं, म्हणून ती आज अपुरी पडली. हे मी बोलून दाखवलं तेव्हा मोठ्या काकांचा चेहरा जरा सैल झाला. आजोबा चुकले असं कुणी म्हणत नव्हतं, हे त्यांना ऐकायचं होतं.

मग चुलतभाऊच म्हणाला, "काका, मला शेतीसाठीच हवीय. तसं लिहून घ्या. मी कधी प्लॉटसाठी विकली, तर चार बिघ्यांच्या वरचे पैसे ज्याचे त्याला परत."

मोठे काका बराच वेळ नाल्याकडे बघत होते. चाळीस वर्षं त्यांनी ती पट्टी वखरलीय. शेवटी म्हणाले, "अडीच नाही, मी तीन ठेवतो. आणि विहिरीचं पाणी तिघांचं, हे सगळ्यात वर लिही."

तर आता ठरलंय ते असं : तीन, साडेतीन आणि साडेपाच. आण्यांत मांडलं तर ४८, ३६ आणि ३६. बरोबर समान नाही, पण सगळ्यांना मान्य. वकिलांकडे कागद गेलाय. विक्रीचं ते कलम नीट शब्दांत बसवायला त्यांना वेळ लागतोय.

खोली देवाची, ह्यूमस आपला

वरच्या शेताचं पुढे काय, हेही सांगते. मातीची खोली माणसाला वाढवता येत नाही, निदान एका जन्मात नाही. पण आहे ती राखता येते आणि सकस करता येते. आणि यातला एक मोठा धडा आपल्या इंदूरनेच जगाला दिलाय. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे संचालक म्हणून आले. होळकर सरकारने त्यासाठी जमीन दिली होती. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख थरांनी रचून, ओल राखून, ठरावीक दिवसांनी उलटवून खत करण्याची जी पद्धत त्यांनी इथे बसवली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. १९३१ मध्ये त्यावर पुस्तक निघालं, त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्डसाहेबांच्या बरोबरीने यशवंत वाड हे नाव आहे. १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला आले, तेव्हा ही पद्धत त्यांनी जाऊन पाहिली होती. कंपोस्टची इंग्रजी पुस्तकं वाचणाऱ्या आपल्या मुलांना हे ठाऊक असायला हवं, की त्या खड्ड्यांची जन्मभूमी आपलंच गाव आहे.

चुलतभावाने वरच्या तुकड्यात आता दोन आडवे बांध घातलेत, पुढच्या पावसाळ्यात सोयाबीनबरोबर तूर लावणार आहे आणि कोपऱ्यात कंपोस्टचे दोन खड्डे सुरू केलेत. सहा आण्यांचे सात करतो की नाही बघा, म्हणतो.

आता तुमचा गृहपाठ. शेत नसेल तर अंगणात, तेही नसेल तर सोसायटीच्या बागेत परवानगी काढून, हातभर खोल खड्डा घ्या. तीन गोष्टी लिहा. एक, कुठल्या खोलीवर रंग किंवा पोत बदलतो. दोन, ओल्या मातीची फीत किती लांब निघते. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर माती हलकी, पाचच्या पुढे गेली तर भारी. तीन, काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती नि वर पाणी घालून खूप हलवा आणि दोन दिवस शांत ठेवा. वाळू तळाला मिनिटाभरात बसेल, गाळ काही तासांत, आणि पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ असेल तर समजा, काळी आई तुमच्या दारात आहे.

आणि हे सगळं लिहून झालं, की वर एक ओळ मोकळी ठेवा. तिथे लिहा : ही माती मी कशासाठी पाहतो आहे?

मागच्या आठवड्यात फोन आला होता. मोठ्या काकांच्या तीन बिघ्यांत गहू उगवून वर आलाय. "आणि त्याच्या साडेपाचात?" मी विचारलं. काका म्हणाले, "हरभरा टाकलाय. पहिलं पाणी मीच सोडलं, विहिरीवरून."